तणनाशकाची विषबाधा : एक दुर्लक्षित निदान

पिकावर मारायच्या विषाला मराठीत 'औषध' म्हणतात आणि आपल्या माळव्यात 'दवाई'. 'औषध प्यायला' या दोन शब्दांचा अर्थ विदर्भात किंवा खानदेशात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इकडे बडनगर, तराना, महिदपूरकडून येणारे नातेवाईकही अपघात विभागाच्या दारात 'दवाई पी ली' एवढेच सांगतात. ही दवाई म्हणजे कापसावरचे कीटकनाशक असू शकते, गव्हाच्या कोठीतली सल्फासची गोळी असू शकते, उंदरांचे औषध असू शकते, किंवा सोयाबीनच्या शेतात मारायचे तणनाशक, ज्याला आपल्याकडचा शेतकरी 'चारामार' अथवा 'नींदानाशक' म्हणतो, तेही असू शकते. चारही विषांची चाल वेगळी आणि उपचारही वेगळे. असे असूनही केसशीटवर बहुधा 'अननोन पॉयझनिंग' किंवा सवयीने 'ओ. पी. पॉयझनिंग' असे लिहिले जाते व अॅट्रोपिन सुरू होते. प्रस्तुत लेखाचा विषय या सवयीपुरताच मर्यादित आहे. विषाचे नाव पहिल्या दोन तासांत शोधणे, त्याचा नमुना राखणे आणि ते नाव कागदावर लिहिणे, ही तिन्ही कामे तणनाशकाच्या बाबतीत इतर कोणत्याही विषापेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

बालरोगतज्ज्ञाने या विषयात का पडावे, असा प्रश्न आपल्या मंडळातील काही ज्येष्ठ सभासदांना पडेल. घरातली विषाची बाटली सर्वांत आधी हाती लागते ती रांगत्या-चालत्या मुलाच्या. दहावी-बारावीच्या वयाची मुले रागाच्या भरात जे समोर दिसेल ते पितात, आणि शेतकऱ्याच्या घरात समोर दिसते ती हीच बाटली. शिवाय आई किंवा बाप अशा रीतीने गेल्यावर मागे राहिलेली मुलेही अखेर आमच्याच ओपीडीत येतात, वजन न वाढण्याच्या किंवा अंथरूण ओले करण्याच्या तक्रारी घेऊन.

माळव्यातील बदललेली शेती

तणनाशके आपल्या भागात का वाढली याचे उत्तर सोयाबीनमध्ये आहे. हे पावसाळी पीक. पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस तण आवरले नाही तर उत्पादन हमखास घटते. नेमक्या याच दिवसांत पावसाची झड लागते, काळ्या मातीत पाय रुततो, कोळपे चालत नाही आणि निंदणीला मजूर मिळत नाहीत. दहा बायांचे चार दिवसांचे काम एका माणसाने पाठीवरच्या पंपाने अर्ध्या दिवसात उरकावे, यात शेतकऱ्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित शेती आजही बटाईने चालते आणि त्या शेतातही हीच फवारणी होते, हे आपण जाणतोच.

मात्र 'तणनाशक' हे एका विषाचे नाव नाही. सोयाबीनमध्ये वापरली जाणारी इमॅझेथापायरसारखी अलीकडची द्रव्ये तुलनेने सौम्य आहेत. वांती, ग्लानी आणि फुप्फुसात ओढले जाण्याचा धोका एवढ्यावर बहुतेक रुग्ण निभावतात. गव्हातील २,४-डी मोठ्या मात्रेत घेतल्यास बेशुद्धी येते व स्नायूंचा नाश होतो; तेथे लघवी अल्कलीयुक्त ठेवण्याचा उपयोग होतो. भातातील प्रोपॅनिलमुळे मेथेमोग्लोबिन वाढून रुग्ण निळा पडतो, प्राणवायू दिला तरी निळाच राहतो, आणि मिथिलीन ब्ल्यूने सुधारतो. ग्लायफोसेटच्या बाबतीत मूळ द्रव्यापेक्षा त्यात मिसळलेला साबणासारखा घटक अधिक त्रास देतो. रक्तदाब उतरतो, रक्तातील आम्ल वाढते. पण श्रीलंकेतील ६०१ रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१०) मृत्यूचे प्रमाण ३.२ टक्के होते. म्हणजे नीट काळजी घेतल्यास बहुसंख्य रुग्ण घरी जातात.

आणि मग पॅराक्वाट.

पॅराक्वाट

हे रसायन १८८२ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते. पुढे अनेक वर्षे ते 'मिथाइल व्हायोलोजेन' या नावाने रंग बदलणारे दर्शक म्हणून वापरले गेले. ते हिरवे पान जाळते हे इंग्लंडमधील जेलॉट्स हिल येथील संशोधनकेंद्रात १९५५ मध्ये लक्षात आले आणि १९६२ पासून 'ग्रामोक्झोन' या नावाने ते बाजारात आले. शेतकऱ्याला ते आवडण्याची कारणे खरी आहेत. फवारल्यावर काही तासांत तण कोमेजते, तासाभराने पाऊस आला तरी ते धुऊन जात नाही, आणि मातीला लागताच चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून निष्क्रिय होते, त्यामुळे पुढच्या पिकाला बाधा नाही. आपल्याकडे ते २४ टक्के द्रावणाच्या रूपात विकले गेले आहे. कीटकनाशक कायद्याच्या वर्गवारीत त्याच्या बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो, लाल नव्हे. ही वर्गवारी उंदरांवरील घातक मात्रेवरून ठरते. माणसाच्या बाबतीत ती फसवी आहे, कारण पिवळ्या त्रिकोणाच्या या विषाने होणारे मृत्यूचे प्रमाण लाल त्रिकोणाच्या कित्येक विषांपेक्षा जास्त आहे. मोठ्या माणसाला एक घोट पुरतो. लहान मुलाच्या बाबतीत चहाच्या चमच्याहूनही कमी. याला उतारा नाही. बाटलीच्या माहितीपत्रकावरही तसेच छापलेले असते.

फुप्फुसच का, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण उपचारातील एक मोठी चूक टाळण्याची किल्ली तेथे आहे. वायुकोशांच्या पेशींमध्ये पॉलिअमाइन नावाची द्रव्ये आत ओढून घेणारी यंत्रणा असते. पॅराक्वाटच्या रेणूची ठेवण त्यांच्याशी जुळते, म्हणून पेशी ते विष स्वतःच आत घेतात आणि फुप्फुसातील त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. पेशीत गेल्यावर ते एक इलेक्ट्रॉन घेते, लगेच तो प्राणवायूला देते, स्वतः पूर्ववत होते आणि पुन्हा नवा इलेक्ट्रॉन घेते. हे चक्र थांबत नाही. प्रत्येक फेऱ्यात प्राणवायूचे एक विध्वंसक रूप तयार होते आणि पेशीचा एनएडीपीएचचा साठा संपत जातो. थोडक्यात, या चक्राचे इंधन प्राणवायू आहे. धाप लागलेल्या रुग्णाच्या तोंडावर मास्क लावणे हे आपल्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की येथे तो हात मुद्दाम आवरावा लागतो. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारण ९० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत तो देऊ नये, हा नियम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना परीक्षेत आठवतो. रात्री दोन वाजता परिचारिकेला तो कोणी सांगितलेला नसतो. म्हणून केसशीटच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहावे.

या विषाचा सर्वांत क्रूर भाग म्हणजे रुग्ण चालत येतो. बेशुद्धी नाही, झटके नाहीत, बाहुल्या आकसलेल्या नाहीत, तोंडाला फेस नाही. दोन-तीन उलट्या झालेल्या असतात, घसा जळजळतो, आणि बाकी सारे ठीक दिसते. सर्पदंश किंवा सल्फासचा अनुभव असलेल्या कुटुंबाला वाटते, वाचला! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जीभ व ओठ सोलून निघतात, लघवी कमी होते, डोळे पिवळे होतात. त्याच सुमारास 'सुधारणा आहे' असे समजून सुट्टी मागणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. मोठी मात्रा असेल तर एक ते पाच दिवसांत सर्व अवयव बंद पडून मृत्यू येतो. मध्यम मात्रेत पहिला आठवडा सरल्यावर फुप्फुस कठीण होत जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पूर्ण शुद्धीत, श्वास संपतो.

बालरोगतज्ज्ञांसाठी एक खास सूचना. जीभ-घशावरचा पांढुरका पापुद्रा आणि व्रण पाहून हर्पिसचा मुखदाह अथवा घटसर्प असे निदान होऊ शकते. मूल लहान असेल तर काय प्यायले हे ते सांगत नाही, आणि मोठे असेल तर मार मिळेल या भीतीने सांगत नाही. शेतात जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला तोंडात व्रण, उलट्या आणि वाढलेले क्रिएटिनिन अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर झोपडीतल्या बाटल्यांविषयी विचारलेच पाहिजे.

माझ्याकडे असा एक मुलगा आला होता. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. वय पाच. बापाने दुकानातून सुटे 'चारामार' आणले होते ते शीतपेयाच्या बाटलीत. बाटली बांधावरच्या झाडाच्या ढोलीत ठेवली होती आणि दुपारी तहान लागल्यावर मुलाने ती तोंडाला लावली. चव वाईट म्हणून बरेचसे थुंकलेही. घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलट्या करवल्या, गावातल्या दवाखान्यात सलाईन लागले, आणि मूल सहा तासांनी उज्जैनला पोहोचले तेव्हा ते मांडीवर बसून बिस्किट मागत होते. त्याची लघवी आम्ही तपासली आणि ती शाईसारखी निळी झाली. आई शेजारी उभी होती. तिने विचारले, 'रंग चांगला आहे ना?' पुढचे नऊ दिवस त्या मुलाने आम्हा सर्वांशी गप्पा मारल्या.

निळा रंग

या परीक्षेचा उल्लेख आला आहे तर ती कृतीसह सांगतो. तिला यंत्र लागत नाही. दहा मिलिलिटर लघवीत सोडा बायकार्ब टाकून ती अल्कलीयुक्त करावी, मग त्यात सोडियम डायथायोनाइटची चिमूट घालावी. एका मिनिटात निळा रंग आला तर पॅराक्वाट, हिरवा आला तर डायक्वाट. शेजारच्या नळीत निरोगी माणसाची लघवी घेऊन तीच कृती करावी, म्हणजे शंका राहत नाही. विष पोटात गेल्यास सहा तास उलटूनही लघवी रंगहीन राहिली तर गंभीर विषबाधेची शक्यता फार कमी असते, आणि ही बातमी नातेवाईकांना सांगण्याचा आनंद काही औरच. गडद निळा रंग मात्र वाईट. रक्तातील नेमके प्रमाण मोजता आले तर १९७९ मध्ये प्राउडफूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला आलेख आजही उपयोगी आहे. चोवीस तासांनी रक्तद्रवात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक पॅराक्वाट असेल तर जगण्याची शक्यता कमी. पण ही तपासणी आपल्या आवाक्यात क्वचितच असते, चिमूटभर डायथायोनाइट मात्र नेहमी असू शकते.

रंगारी ज्याला 'हायड्रो' म्हणतात तेच हे रसायन. भैरूगढच्या छपाईमुळे ओळखल्या जाणाऱ्या आपल्या शहराला ते परके वाटण्याचे कारण नाही. तरी बाजारातून आणू नये. हवेतल्या ओलाव्याने ते निकामी होते आणि निकामी रसायनाने परीक्षा खोटी नकारार्थी येते. प्रयोगशाळेच्या प्रतीची लहान, घट्ट झाकणाची बाटली घ्यावी आणि ती उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. मला या परीक्षेत आणखी एक गोष्ट विलक्षण वाटते. नळीत दिसणारा निळा पदार्थ म्हणजे पॅराक्वाटने एक इलेक्ट्रॉन घेतल्यावर होणारे रूप, म्हणजे फुप्फुसाच्या पेशीत तयार होते तेच. नळी काही वेळ उघडी ठेवून हलवत राहिले की हवेतला प्राणवायू मिसळून निळा रंग फिका पडत जातो. प्राणवायू का देऊ नये हे विद्यार्थ्यांना शिकवायला याहून सोपे प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

उपचारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, ही खंत आहे. उलटी करवू नये. हे द्रव्य दाहक आहे आणि अन्ननलिका पुन्हा भाजते. जठर धुण्याने लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही आणि इजेचा धोका खरा आहे. मुलांत दर किलो वजनाला एक ते दोन ग्रॅम सक्रिय कोळसा, किंवा तो नसेल तर फुलर्स अर्थ म्हणजे शुद्ध केलेली मुलतानी माती, जितक्या लवकर तितके बरे. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर धुवावे. गळक्या पंपामुळे पाठीवर व जांघेत भाजलेल्या कातडीतून विष आत शिरून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. पहिल्या चार तासांत हिमोपरफ्यूजन मिळाले तर काही अर्थ आहे. सायक्लोफॉस्फामाइड आणि स्टेरॉइड देण्याची पद्धत बरीच वर्षे चालली. श्रीलंकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत त्यांनी मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. तिसऱ्या दिवशी बापाला शेत गहाण टाकायला लावून इंदूरला महागड्या डायलिसिससाठी पाठवणे मला योग्य वाटत नाही. वेदना शमवणे, तोंडाची काळजी घेणे, आई जवळ राहील अशी व्यवस्था करणे आणि खरे ते सांगणे, हेही उपचारच आहेत आणि ते आपल्या गावात होतात.

न्यायवैद्यकीय बाजू

न्यायवैद्यकात पॅराक्वाटला एक चमत्कारिक स्थान आहे. विष घेणे आणि मृत्यू यांच्यात दिवस, कधी आठवडे जातात. शवविच्छेदनात फुप्फुसे जड, रबरासारखी, तंतुमय दिसतात. ते चित्र न्युमोनियाच्या शेवटच्या अवस्थेसारखे वाटू शकते. दरम्यान मूत्रावाटे विष बाहेर पडत असल्याने उशिरा झालेल्या मृत्यूत सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे गेलेल्या व्हिसेऱ्यात ते सापडेलच असे नाही. तेव्हा पुरावा कोठे असतो? पहिल्या दिवशीच्या लघवीत, रक्तात, उलटीत, आणि आपल्या हस्ताक्षरातील नोंदीत. निळ्या रंगाची परीक्षा केली तर तिची वेळ, कोणी केली, कोणाच्या उपस्थितीत, हे लिहावे; त्या नळीचे छायाचित्र घ्यावे; आणि परीक्षेनंतर उरलेली मूळ लघवी सीलबंद करून पोलिसांच्या पावतीवर सुपूर्द करावी. शवविच्छेदनाला पाठवताना विषाचा संशय लेखी कळवावा, म्हणजे जठर, आतडे, यकृत व मूत्रपिंडाबरोबर फुप्फुसही राखले जाईल.

हे सारे केवळ तत्त्वतः नाही. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील एका २३ वर्षांच्या तरुणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्या मैत्रिणीने काढ्यातून तणनाशक दिले. तो अकरा दिवस जगला. जानेवारी २०२५ मध्ये नेय्याट्टिंकरा येथील सत्र न्यायालयाने तिला दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. वृत्तपत्रांनी त्या शिक्षेची खूप चर्चा केली. डॉक्टरांनी विचार करावा तो त्या अकरा दिवसांचा. त्याही आधी, १९८५ मध्ये, जपानमध्ये रस्त्यावरील विक्रीयंत्रांजवळ ठेवलेल्या शीतपेयांतून पॅराक्वाट पोटात जाऊन अनेक माणसे दगावली आणि गुन्हेगार कधीच सापडला नाही. पुढे तेथे २४ टक्क्यांचे द्रावण जाऊन ५ टक्के पॅराक्वाटचे मिश्रण आले.

पॅराक्वाटचा रुग्ण अखेरपर्यंत शुद्धीवर असतो, बोलू शकतो. जबाब नोंदवायला इतर कोणत्याही विषात एवढा अवधी मिळत नाही. तरी तो घेण्याची आठवण बहुधा श्वास लागल्यावर होते. रुग्ण चांगला दिसतो आहे याच दिवशी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ मध्ये मृत व्यक्तीच्या निवेदनाची तरतूद आहे. जुन्या कायद्यातील कलम ३२ म्हणून आपण जे शिकलो तेच हे. स्वतः विष घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र पोलिसांची भीती घालू नये. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न सोडल्यास, आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिलेला नाही. मेडिकोलीगल नोंद करायची ती रुग्णाला छळण्यासाठी नव्हे, हे कुटुंबाला दोन वाक्यांत सांगितले की बाटलीही मिळते आणि खरी हकीकतही.

मोजदाद

यवतमाळची आठवण येथे करणे भाग आहे. २०१७ च्या खरिपात त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती विषे कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. वाटही कातडी व श्वासाची होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातील पाच जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली. पण तेथील एक गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लागू पडते. दोन-तीन विषे एकत्र करून फवारलेली, त्यामुळे कोणाच्या अंगात नेमके काय गेले हे रुग्ण सांगू शकत नव्हता. आणि मृत्यू एकाच मोसमात, एकाच जिल्ह्यात, एकाच रुग्णालयासमोर घडले म्हणून ते दिसले. आपल्याकडे महिन्याला एक-दोन असे सुटे सुटे येणारे तणनाशकाचे रुग्ण कोणालाच दिसत नाहीत. मृत्यूच्या प्रमाणपत्रावर 'श्वसनक्रिया बंद पडणे' असे लिहिले की विष तेथेच नाहीसे होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तणनाशक व बुरशीनाशकासाठी टी ६०.३ असा स्वतंत्र संकेतांक आहे, तो लिहिणारे हात थोडे. कीटकनाशक कायदा, १९६८ च्या कलम २६ मध्ये विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिलेला आहे. साठ वर्षे होत आली या कायद्याला.

मोजले की काय होते याची उदाहरणे आहेत. श्रीलंकेने २००८ ते २०११ या काळात पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेन्थिऑन टप्प्याटप्प्याने बंद केली; त्यानंतर पीकविषांनी होणाऱ्या आत्महत्या सुमारे निम्म्यावर आल्या. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये पॅराक्वाटची नोंदणी रद्द केली आणि २०१२ मध्ये विक्री थांबवली. तेथे पीकविषाने होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण २०११ मध्ये लाखामागे ५.२६ होते, ते २०१३ मध्ये २.६७ झाले, आणि पिकांचे उत्पादन घटले नाही. लोकांची दुःखे दोन वर्षांत निम्मी झाली असे कोणी म्हणणार नाही. रागाच्या त्या दहा मिनिटांत हाताशी जे होते ते कमी घातक झाले. युरोपीय संघात २००७ पासून पॅराक्वाटला परवानगी नाही, चीनने २०१६ मध्ये त्याच्या द्रवरूपाची देशांतर्गत विक्री थांबवली, ब्राझील आणि थायलंडने २०२० मध्ये. आपल्या केंद्र सरकारने २०२० मध्ये २७ पीकविषांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात २,४-डी होते, पॅराक्वाट नव्हते. आणि २०२३ च्या अंतिम आदेशात ज्यांच्यावर प्रत्यक्ष बंदी आली त्यांतही ते नाही. ओडिशातील बुर्ला येथील वीर सुरेंद्र साई संस्थेच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये याविरुद्ध आवाज उठवला तो वॉर्डातले मृत्यू मोजून. शेतकऱ्याला पर्याय न देता नुसती बंदी मागणे मला पटत नाही. मात्र इंदूरला सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था असताना आपल्या भागासाठी पर्याय सुचवणारे तज्ज्ञ लांब शोधायला नकोत.

तोवर करण्यासारखे बरेच आहे आणि ते घराघरांतले आहे. सुटे विष विकत घेऊ नये, पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या बाटलीत ओतू नये. मूळ डबा कुलपात ठेवावा, आणि ते कुलूप धान्याच्या खोलीचे नसावे. रिकामी बाटली विहिरीवर तांब्यासारखी वापरली जाते, तिला भोक पाडून टाकावे. ज्यांची शेती बटाईने दिली आहे त्या सभासदांनी या दिवाळीत गावी जाल तेव्हा बटाईदाराच्या झोपडीतील ढोली, कोनाडे आणि खाटेखालची जागा स्वतः पाहावी. एक लहान लोखंडी पेटी घेऊन द्यायला फार खर्च येत नाही. कोणी प्यायलेच तर उलटी न करवता, बाटली लेबलासह बरोबर घेऊन, थेट मोठ्या रुग्णालयात यावे.

व्यवसायबंधूंसाठी एक प्रस्ताव आहे. आपल्या मंडळातील जे सभासद विषबाधेचे रुग्ण पाहतात त्यांनी एक सामाईक वही ठेवावी. रुग्णाचे नाव नको. वय, तालुका, विषाचे बाटलीवरचे नाव, कशातून व कसे घेतले, किती तासांनी पोहोचले, लघवीची परीक्षा आणि शेवट, एवढे सात रकाने पुरेत. वर्षाच्या अखेरीस हा तक्ता जिल्हा आरोग्य अधिकारी आणि कृषी विभाग या दोघांना पाठवता येईल. डायथायोनाइटच्या पाच बाटल्या मी मागवल्या आहेत; ज्यांना हवी त्यांनी फ्रीगंजमधील माझ्या दवाखान्यातून संध्याकाळी न्यावी. नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ आहे आणि मनाच्या अडचणीसाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही परिचारिकेच्या टेबलावरील काचेखाली राहू द्यावेत.